वाडा म्हणजे मेंढरांचा तळ

दीपमाला पोले हिला राग यायला फार मोठं कारण लागत नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. एसटीत कुणी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली, तर ती रुमाल उचलून ज्याचा त्याच्या हातात देते आणि त्याच जागेवर बसते. तिला बघायला आलेल्या एका पाहुण्याने "मुलीला राग येतो का?" असं विचारलं, तेव्हा तिने पोह्यांचा ट्रे खाली ठेवला आणि "अजून आला नाही" असं उत्तर दिलं. ते स्थळ परत आलं नाही. आईने बरेच दिवस अबोला धरला. बापाने मात्र कुणाचं लक्ष नाही असं बघून तिच्या पाठीवर थाप मारली होती.

आखाडा बाळापूरला खताच्या दुकानाच्या माडीवर तिचं ऑफिस आहे. पुण्यातली एक संस्था शेळ्यामेंढ्यांसाठी फिरता दवाखाना चालवते, त्याचं जिल्ह्याचं काम इथून होतं. दवाखाना म्हणजे एक पांढरी गाडी, तिच्यात एक डॉक्टर, औषधं आणि लशीचा थंड डबा. गाडी एकच आणि जनावरं अफाट, त्यामुळे गाडीने कुणाकडे जायचं हे ठरवावं लागतं. ते ठरवतं 'चाळण' नावाचं टूल. नाव ठेवणाऱ्याने नाव बरं ठेवलंय. वरून जिल्हाभरच्या पशुपालकांची माहिती ओतायची, खालून गरजूंची यादी पडते. या चाळणीला चित्रं नाहीत, बटणं नाहीत. काळा पडदा असतो, त्यावर एका ओळीत हुकूम टाइप करायचा आणि एंटर दाबायचं. कुणाला गरजू धरायचं, कुणाला सोडायचं, कोणत्या शब्दाचा काय अर्थ घ्यायचा, हे सगळं साध्या फाइलीत ओळी लिहून सांगून ठेवायचं. त्या ओळी म्हणजे चाळणीची सेटिंग्ज, आणि ती सांभाळणं हे दीपमालाचं काम.

"तू नेमकं करतीस काय गं तिथं?" असं आईने, अनुसयाबाईने, एकदा विचारलं होतं.

"मशीनला सवयी लावते."

"मानसाला लावता येत न्हाईत, अन् मशीनला लावती म्हनं," अनुसयाबाई म्हणाली आणि पुढे कधी विचारायच्या फंदात पडली नाही.

या सवयी लावण्यात एक नियम आहे, आणि तो दीपमालाला पहिल्या दिवसापासून भारी आवडला. सेटिंग्ज दोन फाइलींत असतात. एक पुण्याची मुख्य फाइल, ती सगळ्या जिल्ह्यांना. दुसरी जिल्ह्याची, ती फक्त इथली. दोघींचं पटलं नाही तर जिल्ह्याच्या फाइलीचं खरं. आणि काळ्या पडद्यासमोर बसलेल्या माणसाने हुकमाच्या ओळीतच काही वेगळं सांगितलं, तर दोन्ही फाइली गप्प, त्याचं खरं. घरात आजी सांगते, सासू सांगते, पण चुलीपुढे बसलेली जेवढं मीठ टाकते तेवढंच कालवणात पडतं, तसंच हे. बाकी सगळ्या जगात लांब बसलेल्याचं चालतं आणि जवळ उभ्या असलेल्याने मान डोलवायची असते. एका टूलला तरी अक्कल आहे, असं तिला वाटलं.

आता इथे एक शब्द नीट समजून घ्यावा लागेल, कारण पुढचं सगळं भांडण त्याच्यावरून आहे. वाडा म्हटलं की इतर मराठी माणसाच्या डोळ्यासमोर दिंडी दरवाजा येतो, चौक येतो, लाकडी खांब येतात. धनगराचा वाडा म्हणजे मेंढरांचा फिरता तळ. आज या शेतात, चार दिवसांनी पुढच्या. दोरीची जाळी उभी करून आत मेंढरं कोंडायची, शेजारी तीन दगडांची चूल, वर ताडपत्री, घोडीच्या पाठीवर मावेल तेवढा संसार आणि राखणीला कुत्री. शेतकरी बोलावतात, कारण मेंढरं बसली की रानाला खत मिळतं. पावसाळा संपून दिवाळी झाली की वाडे निघतात आणि कुठे कुठे जातात. 'पोल्यांचा वाडा कुठं हाय?' असं विचारलं तर माणूस शेतातल्या धुराकडे हात करतो.

दीपमालाचा जन्म अशाच वाड्यावर, कयाधू नदीच्या काठी कुणाच्या तरी हळदीच्या रानात झाला. शाळेसाठी तिला डोंगरकड्याला आत्याकडे ठेवलं. आईबाप वर्षातले बरेच महिने लांब, आणि सुट्टी लागली की ही पोरगी पाठीला दप्तर लावून वाडा शोधत निघायची. विचारत विचारत जायची आणि सापडायचा. पुढे नांदेडला पदविका केली. वर्गातल्या बाकीच्या मुली रंगीत चित्रांच्या स्क्रीनवर खूश असायच्या. हिला काळा पडदा आवडला. तो उगाच गोड बोलत नाही. सांगितलं तेवढं करतो, नाही जमलं तर का जमलं नाही ते सांगतो. अशी माणसं तिला आयुष्यात फार थोडी भेटली होती.

मागच्या हिवाळ्यात वाड्यांवर देवीची साथ आली. मेंढरांच्या तोंडावर, कानांवर फोड. कोकरं सकाळी पाजायला घेतली की हातात गार लागायची. मसाजी पोले, म्हणजे दीपमालाचा बाप, आजारी मेंढी मोटारसायकलवर मांडीत धरून कळमनुरीला नेऊन आणायचा. एक दिवस त्याचा फोन आला.

"दीपे, तुमची गाडी पुसेगावला गेली म्हनत्यात. आपल्याकडं काहून येत न्हाई?"

"यादीत नाव असलं की येईल आबा."

"मग नाव काहून न्हाई?"

फोन ठेवून ती काळ्या पडद्यासमोर बसली. तिने चाळणीची टोपली उलटून बघितली, म्हणजे यादीतून गळालेल्यांची माहिती काढली. त्यात पोले होते, गडदे होते, जिल्ह्यातले झाडून सगळे मेंढके होते. सगळ्यांच्या नावापुढे एकच शेरा होता, 'सुस्थित'. मग तिने पुण्याची फाइल उघडली आणि तिला ओळ सापडली. माहिती भरणाऱ्या मुलांनी विचारलं होतं, राहायला काय आहे? लोकांनी जे सांगितलं ते मुलांनी लिहिलं होतं. मेंढक्यांनी खरं तेच सांगितलं होतं. 'वाडा.' आणि पुण्याच्या फाइलीत लिहिलं होतं:

झोपडी = गरजू
पाल = गरजू
वाडा = सुस्थित

दीपमाला आधी हसली. तिचा बाप वाडेवाला झाला होता! ताडपत्रीखाली झोपणारा मसाजी पोले पुण्याच्या हिशेबी सोप्यातल्या झोपाळ्यावर बसून अडकित्त्याने सुपारी कातरत होता. मग तिला मांडीत धरलेली मेंढी आठवली आणि हसू गेलं. फक्त एका शब्दापायी त्या हिवाळ्यात गाडी एकाही वाड्यावर गेली नव्हती. तिने जिल्ह्याच्या फाइलीत एक ओळ टाकली, वाडा = फिरता तळ, गरजू. दुसऱ्या आठवड्यापासून गाडी वाड्यांवर जायला लागली. पुण्यालाही तिने मेल केला, की मुख्य फाइलीत चूक आहे, दुरुस्त करा. उत्तर आलं, 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.' तिने पुन्हा मेल केला. पुन्हा तेच उत्तर, तेवढंच मोलाचं.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. दिवाळी झाली, वाडे निघायची तयारी सुरू झाली. निघायच्या आत सगळ्या मेंढरांना देवीची लस टोचायची होती, कारण एकदा वाडे पांगले की गाडीला ते सगळे सापडायचे नाहीत. आणि नेमकी तेव्हाच पुण्याहून चाळणीची नवी आवृत्ती आली. मुख्य फाइलीत एक नवीन ओळ होती: जिल्ह्याची फाइल वाचू नये.

दीपमालाने यादी काढली. एकही वाडा नव्हता.

ती थेट दत्तप्रसाद सरांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली. दत्तप्रसाद हे जिल्ह्याचे समन्वयक. माणूस मनाने चांगला, पण देवभोळा असतो तसा मेलभोळा. पुण्याचा मेल आला की खुर्चीतल्या खुर्चीत सरळ बसून वाचतील.

"वरून कुलूप आलंय," ते म्हणाले. "सगळ्या जिल्ह्यांत सारखं पाहिजे म्हणतात. त्यांचंही चूक नाही, दीपमाला. काही जिल्ह्यांनी त्या फाइलीत काय वाटेल ते घुसडलं होतं."

"मी काय वाटेल ते घुसडलं होतं का सर?"

"तसं नाही म्हणत मी." सरांनी थोडा विचार केला आणि त्यांचा चेहरा उजळला. "अगं, सोपं आहे! वाड्यांची माहिती परत भरून घेऊ. लोकांना सांगायचं, वाडा म्हणू नका, पाल म्हणा. पाल म्हटलं की चाळण गरजू धरते. फाइलीला हात लावायला नको, पुण्याला विचारायला नको. काम झालं!"

खरं सांगायचं तर दीपमालालाही ते पटलं. भांडकुदळ माणसालाही कधी कधी भांडणाचा कंटाळा येतो. एका शब्दाची अदलाबदल, त्यात कुणाचं काय जातं? ती डोंगरकड्याच्या एसटीत बसली आणि फाट्यावर उतरून धुराच्या दिशेने चालत वाड्यावर गेली.

मसाजी जाळीच्या गाठी आवळत बसला होता. अनुसयाबाई चुलीपुढे होती. दीपमाला पाणी प्यायली आणि तिने बोलायला सुरुवात केली.

"आबा, उद्या पोरं येतील माहिती लिहायला. राहायला काय हाय म्हणून विचारलं तं पाल म्हणा."

"काहून?"

"मशीनला वाडा कळत न्हाई."

"मग मशीनला शिकीव. तूच तं सवयी लावती ना त्याला?"

"लावली व्हती. पुण्यानं कुलूप घातलं."

मसाजीने गाठ आवळली, दातांनी दोरी ओढून बघितली, आणि मग तिच्याकडे बघितलं. "मशीन शिकंना म्हनून मला शिकवून राहिली व्हय?"

"तसं न्हाई आबा. एक शब्दच तं हाय."

"एकच हाय. पाल असतंय जत्रंत. तमाशाचं पाल, खेळन्याच्या दुकानाचं पाल. आमी काय हितं फुगे इकून राहिलो का? ह्यो वाडा हाय. माझा बाप वाड्यावर मेला. उद्या साहेब म्हनला मेंढरं म्हनू नका, कोंबड्या म्हना, लस भेटंल, तं म्हनू का कोंबड्या?"

अनुसयाबाईने भाकरी तव्यावर उलटली. "माझं लगीन झालं अन् मी हितं आले," ती म्हणाली. "माझी लेकरं वाड्यावर झाली. तू बी. आता सांगू का लोकायला, का माझं लेकरू पालावर झालं म्हनून? आमी काय खोटं बोलून राहिलो, का आमीच बदलायचं?"

दीपमाला खाली मान घालून बसली. तिला लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग नेहमीचा राग आला. या वेळी तो स्वतःवर होता. पुण्याने फक्त फाइलीला कुलूप लावलं होतं. ते कुलूप बापाच्या तोंडाला लावायला ती स्वतः एसटीचं तिकीट काढून आली होती.

"वाडाच म्हणा," ती उठत म्हणाली.

"अन् गाडी?" मसाजीने विचारलं.

"गाडी येईल."

"कशी?"

"ते माझ्यावर सोडा आबा."

इतका वेळ ठणकावून बोलणारी अनुसयाबाई एकदम नरम पडली. "पर नोकरी सांभाळ गं माय," ती म्हणाली. दीपमालाने चप्पल घातली आणि ती फाट्याकडे चालायला लागली.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात पोचली तेव्हा गाडीचा ड्रायव्हर प्रेमदास चहा पीत बसला होता. तांड्यावरचा माणूस, तोंडाचा फटकळ. "यादी टाक ताई लवकर," तो म्हणाला. "डॉक्टर गाडीत बसून राहिले. लस गरम झाली तर मला बोलतील." दीपमालाने बॅग ठेवली, काळा पडदा उघडला आणि दत्तप्रसाद सरांना हाक मारली.

"सर, इकडे या. मी काय करतेय ते बघा. मागून कुणी म्हणायला नको की लपून केलं."

सर आले. तिने हुकूम टाइप करायला घेतला आणि त्याच ओळीत शेवटी जोडलं, वाडा = फिरता तळ, गरजू.

"अगं, कुलूप आहे ना?"

"कुलूप फाइलीला आहे सर. हुकमाला नाही. समोर बसलेल्याचं खरं, हा नियम पुण्यालाही मोडता आला नाही."

"पण कुणी कोणता हुकूम दिला ते नावासकट नोंदलं जातं. तुझं नाव पडेल."

"पडू दे."

सरांनी खुर्ची ओढली आणि तिच्याजवळ बसले. हळू आवाजात बोलले. "ऐक माझं. यादीत तुझ्या वडिलांचं नाव येणार. उद्या म्हणतील, पोलेबाईने घरच्यांसाठी चाळण वाकवली. निदान त्यांचं एक नाव वगळ. बाकी सगळे वाडे राहू देत. मग कुणाची बोट दाखवायची हिंमत होणार नाही."

हे बोलणं वाकड्या मनाच्या माणसाचं नव्हतं. तिच्या भल्याचंच होतं. दीपमालाने वगळण्याचा शब्द टाइप केला. त्यापुढे 'मसाजी' लिहिलं. 'पोले' लिहायच्या आधी तिचा हात थांबला. वगळलं की ती स्वच्छ. कुणी काही बोलणार नाही, उलट वर्तमानपत्रात छापून आणायला शोभेल असं वागणं. आणि वाड्यावर बाप गाडीची वाट बघत बसेल, शेजारच्या गडद्यांची मेंढरं टोचून गाडी त्याच्यासमोरून निघून जाईल. का? तर तो दीपमालाचा बाप म्हणून. बापाने कुणाचं काय चोरलं होतं की त्याने दंड भरावा?

तिने ते शब्द पुसले. मग पुण्यापासूनही काही लपवायचं नाही म्हणून फोन उचलला आणि पुण्याच्या निता मॅडमना व्हिडिओ कॉल लावला. सेटिंग्जचा सगळा कारभार या मॅडमच्या हातात होता, कुलपाची ओळही त्यांचीच. दत्तप्रसाद सर दोन पावलं मागे सरकले.

निता मॅडम तशा वाईट बाई नव्हत्या. दमलेल्या होत्या, आणि सगळ्या जिल्ह्यांची भांडणं ऐकून ऐकून त्यांच्या आवाजातला ओलावा आटला होता. त्यांनी वाड्याची सगळी गोष्ट शेवटपर्यंत ऐकून घेतली.

"दीपमाला, प्रत्येक जिल्ह्याने शब्दांचे आपापले अर्थ लावायचे ठरवले तर यादीला काही अर्थच राहणार नाही. वाडा म्हणजे मोठं घर. शब्दकोश उघडून बघा."

"बघितला मॅडम. त्यात जनावरं कोंडायची जागा असाही अर्थ दिलाय. तुम्ही पहिला अर्थ घेतलात आणि कोश मिटलात."

दीपमालाने फोन काळ्या पडद्याकडे फिरवला. मग मॅडम म्हणाल्या, "तुमचा हुकूम मला दिसतोय. तुम्ही तयार ठेवलाय, अजून चालवलेला नाही. यातून जी यादी पडेल तिच्यात मसाजी पोले असतील. ते तुमचे वडील ना?"

"हो."

"हे बरं दिसत नाही."

"नाही दिसत. पण माझा बाप मेंढका नसता तर मला या शब्दाचा अर्थ कळला नसता, आणि तुम्हाला तुमची चूक कळली नसती. मी त्यांचं नाव वगळलं तर मी काहीतरी चोरलंय असं होईल. मी काही चोरलेलं नाही."

"ती शेवटची जोडलेली ओळ काढा, दीपमाला."

"न्हाई काढत."

तिला 'नाही' म्हणायचं होतं. ऑफिसात, पुण्याच्या फोनवर ती नेहमी घासूनपुसून बोलायची. तोंडातून आलं ते वाड्यावरचं 'न्हाई' होतं. तिने ते दुरुस्त केलं नाही. पुन्हा एकदा, मॅडमकडे सरळ बघत, तसंच म्हणाली, "न्हाई काढत मी," आणि एंटर दाबलं.

काळ्या पडद्यावर नावं धावायला लागली. पोले, गडदे, पुन्हा पोले, हाके. एकेक वाडा, कोणत्या शिवारात आहे त्यासकट. प्रेमदासचा फोन वाजला, यादी त्याच्याकडे पोचली होती. तो किल्ली घेऊन उठला, दारापर्यंत गेला आणि थांबला. यादी आली तरी निघायचा शब्द समन्वयकाने द्यायचा, अशी पद्धत. सगळे दत्तप्रसाद सरांकडे बघायला लागले. फोनमधून निता मॅडमही बघत होत्या.

सरांना घाम फुटला होता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. खिडकीतून खाली रस्त्याकडे बघितलं.

"प्रेमदास," ते म्हणाले, "डिझेल भरलंय ना?"

"फुल्ल हाय साहेब."

"मग उभा काय राहिलास?"

प्रेमदास जिना दणदणवत खाली गेला. आपण आत्ता काय केलं हे दत्तप्रसाद सरांना बहुतेक गाडी वळणावर दिसेनाशी झाल्यावर कळलं, कारण ते मटकन खाली बसले आणि त्यांनी दीपमालाच्या बाटलीतलं सगळं पाणी पिऊन टाकलं. निता मॅडमनी मधेच फोन ठेवला होता. दुपारी दीपमालाने पुन्हा काळा पडदा उघडला तेव्हा त्यावर एकच ओळ आली: प्रवेश नाही. पाठोपाठ मेल आला, की चौकशी होईपर्यंत दीपमाला पोले यांनी कामावर येऊ नये. तिने डबा पिशवीत घातला आणि घरी न जाता वाड्यावर गेली.

गाडी तिच्या आधी येऊन गेली होती. मेंढरांच्या पाठीवर टोचल्याची खूण म्हणून निळ्या रंगाचे ठिपके होते. मसाजीच्या बोटांना, गालाला आणि कुत्र्याच्याही शेपटीला निळा रंग लागला होता. "डॉक्टर बराबर मानूस हाय," मसाजी म्हणाला. "एक बी मेंढी सोडली न्हाई. गडद्याच्या वाड्यावर गेलाय आता." मग त्याने तिच्या हातातली पिशवी बघितली, आतला भरलेला डबा बघितला आणि विचारलं, "गेली का नोकरी?"

"माहीत न्हाई. गेल्यासारखी दिसते."

अनुसयाबाईने कपाळाला हात लावला. तो भरलेला डबा तिने उघडला आणि लेकीसमोर ठेवला. दीपमालाला भूक लागली होती. तिने सगळा डबा खाल्ला, आणि खरं सांगायचं तर तिला तेव्हा दुःख झालं नाही. निळे ठिपके बघून तिला आनंद झाला होता, आणि तो लपवायची तिला गरज वाटली नाही.

वाडा हलला. ती काही दिवस बरोबर गेली, कारण घरी बसून आत्याचे प्रश्न ऐकण्यापेक्षा मेंढरांमागे चालणं सोपं होतं. वारंग्याच्या पुढे एका हरभऱ्याच्या रानाशेजारी तळ पडला होता, तिथे दत्तप्रसाद सरांचा फोन आला. आवाजात लग्नघरासारखी गडबड होती.

"दीपमाला, जिंकलो! पुण्याने मान्य केलं. आणखी दोन जिल्ह्यांतून हीच तक्रार गेली म्हणे. तुझी ओळ आता मुख्य फाइलीत गेली, म्हणजे सगळ्या जिल्ह्यांना लागू. तुझा प्रवेशही चालू करतायत. उद्यापासून ये."

दीपमालाने डोळे मिटून घेतले. मसाजी आणि अनुसयाबाई हातातलं काम सोडून तिच्या तोंडाकडे बघत होते. तिने फोन स्पीकरवर टाकला.

"सर, फाइल समोर आहे का तुमच्या? ओळ वाचून दाखवा."

"वाडा बरोबर फिरता तळ, गरजू. जशीच्या तशी."

"तिच्या डोक्यावर काही लिहिलंय?"

सर घुटमळले. फाइलीत एखाद्या ओळीच्या आधी हॅशचं चिन्ह टाकलं की चाळण ती ओळ सोडून देते. ती मशीनसाठी नसतेच. पुढे जो ही फाइल उघडेल त्या माणसासाठी लिहिलेली टीप असते.

"लिहिलंय," सर म्हणाले. "'अशुद्ध ग्रामीण वापर. तात्पुरती सवलत.' पण त्याचं काय एवढं?"

मसाजीने 'अशुद्ध' म्हणजे काय असं खुणेने विचारलं. दीपमालाने सांगितलं नाही. तिच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं होतं.

"अशुद्ध काढायला सांगा सर. तात्पुरती पण काढायला सांगा. मग येते मी."

"अगं बाई, वेड लागलं का तुला?" दत्तप्रसाद सर कळवळून म्हणाले. "हॅशच्या पुढचं मशीन वाचतसुद्धा नाही! गाडी येणार, लस मिळणार, नोकरी परत मिळतेय. आता आणखी काय पाहिजे तुला?"

"मशीन न्हाई वाचत सर. पर उद्या माझ्या खुर्चीत, न्हाई तं मॅडमच्या खुर्चीत जी कुणी बसंल, ती वाचंल. अशुद्ध हाय म्हणून तिला वाटंल, अन् तात्पुरती हाय म्हणून एक दिवस पुसून टाकंल. मग परत गाडी येनार न्हाई, अन् काहून येत न्हाई ते कुनालाच कळनार न्हाई."

 अनुसयाबाईच्या तोंडावर नोकरी, नोकरी असं स्पष्ट लिहिलेलं होतं, पण तिने उठून चुलीत लाकूड सारलं.

"मग मी पुण्याला काय सांगू?" सरांनी शेवटी विचारलं. "त्या विचारतील, ती का आली नाही, कुठे आहे ती."

"खरं तेच सांगा," दीपमाला म्हणाली. "सांगा, ती वाड्यावर राहती."